तळ्यातले मासे अंग घासतायत, औषध कुठलं टाकू? (परजीवी, मीठ, परमँगनेट, सगळंच)

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. घरामागच्या तळ्यात ११ मासे आहेत, ७ कोई (रंगीत कार्प) आणि ४ गोल्डफिश. गेले दहा-बारा दिवस बघतोय, मासे तळाच्या दगडांवर सर्रकन तिरके होऊन अंग घासतात, मधूनच उडी मारतात, आणि सगळ्यात मोठी पांढरी कोई तर दिवसभर पाणी जिथे पडतं तिथेच पर अंगाला चिकटवून उभी असते. अंगावर पांढरे ठिपके वगैरे काही दिसत नाहीत, फक्त पोटाकडे थोडी लाली आणि कातडीवर दुधट साय आल्यासारखं. जिथून मासे आणले तिथे विचारलं तर 'सगळ्यावर चालणारं' म्हणून एक औषध दिलं, ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दोनदा टाकलं पण फरक शून्य, आणि परवा सकाळी एक गोल्डफिश मेलेला सापडला. आता खरंच काळजी वाटतेय. परजीवी असतील तर नेमकं काय टाकू? लवकर सांगा प्लीज.

शेवाळ
मीठ टाका. माझ्याकडे असंच झालेलं, मिठानं चार दिवसात सगळं थांबलं.

कमळवेल
तळ्याकाठी दादा, आधी एक विनंती, आज काहीही टाकू नका. मीठसुद्धा नाही. घाई होतेय हे समजतंय पण दोन डोस आधीच झालेत, तिसरा अंदाजाने टाकला तर मासे परजीवींनी नाही, औषधानं जातील. अंग घासणं हे परजीवींचं लक्षण आहेच पण अमोनिया वाढला, पीएच अचानक हलला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन राहिलं तरी मासे अगदी असेच घासतात. तेव्हा हे सांगा: अमोनिया, नायट्राइट, पीएच किती, पाण्याचं तापमान किती, तळ्यात नेमकं किती लिटर पाणी आहे, आणि गेल्या महिना दीड महिन्यात नवीन मासा, नवीन झाड, दुसऱ्याकडचं जाळं असं काही आत गेलंय का.

तळ्याकाठी
ताई धन्यवाद. आत्ताच टेस्ट केली. अमोनिया ०.५, नायट्राइट ०, पीएच ८.२, तापमान २६. तळं ५ मीटर बाय ३ मीटर आणि खोली १.२, म्हणजे १८ हजार लिटर धरतो मी. आणि हो, तीन आठवड्यांपूर्वी दोन नवीन कोई आणल्या, पिशवी अर्धा तास पाण्यात तरंगत ठेवली आणि सोडून दिल्या.

कमळवेल
बरं, मग दोन गोष्टी. अमोनिया ०.५ हा या पीएचला दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पीएच आणि तापमान जितकं चढं तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. तर आजच खाणं बंद करा, एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन मारूनच पाणी घ्या, आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. नवीन मासे थेट सोडले हे बहुतेक मूळ आहे, पिशवी तरंगवून तापमान जुळतं, परजीवी कमी होत नाहीत.

दुसरं म्हणजे ते १८ हजार. १.२ ही खोली मधली आहे की सरासरी? कडेला कुंड्यांसाठी पायऱ्या असतील, तळाला उतार असेल, दगड असतील. एक काठी घ्या आणि कमीत कमी १०-१२ ठिकाणी खोली मोजा, त्याची सरासरी काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० नं गुणलं की लिटर. सगळी औषधं या एका आकड्यावर चालतात म्हणून मी याबाबतीत इतकी हटून बसते.

तळ्याकाठी
मोजलं ताई. बारा ठिकाणी काठी टाकली, सरासरी आली ०.८ मीटर. म्हणजे १२ हजार लिटर!! मी तर ते दोन्ही डोस १८ हजाराच्या हिशोबानं टाकले होते, म्हणजे दीडपट गेले. पोटात गोळाच आला बघून. गोल्डफिश त्यानंच गेला असेल का?

कमळवेल
ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावर रात्र घालवू नका, दहा जिवंत आहेत त्यांच्याकडे बघू. पाणी बदललंत ना? मग पुढची पायरी मायक्रोस्कोप. शाळेतला साधा चालतो, ४० पट आणि १०० पट मोठं दिसलं की तळ्यातले बहुतेक परजीवी ओळखता येतात. कुणाकडून मागून आणा पण बघितल्याशिवाय औषध नको.

निळाखंड्या
कमळवेल यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी मत्स्यविज्ञान शिकलोय म्हणून नमुना कसा घ्यायचा ते सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं.

सगळ्यात जास्त त्रासात दिसणारा मासा निवडा, मेलेला नको, मासा मेला की परजीवी पटापट सोडून जातात. स्लाइडवर तळ्यातल्याच पाण्याचा एक थेंब आधी ठेवून द्या, नळाचा नको, क्लोरीननं ते मरतात आणि मेलेला परजीवी ओळखणं कठीण. मासा जाळ्यात उचलून उथळ टबात घ्या, हात ओले करून, डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की बराच शांत राहतो. मग कव्हर स्लिपची कड किंवा दुसऱ्या स्लाइडची कड छातीच्या पराच्या मागून शेपटीच्या दिशेनं हलकेच ओढायची, कायम डोक्याकडून शेपटीकडे, उलटं केलं तर खवले उचकटतात. काचेच्या कडेवर शेंबडासारखा राखाडी ठिपका येईल, तेवढाच पुरे. तो थेंबात कालवा, वर कव्हर स्लिप, आणि लगेच बघा, पंधरा मिनिटांच्या आत. प्रकाश कमी ठेवा, जास्त उजेडात हे जीव पारदर्शक असल्यामुळे हरवतात. निदान तीन मासे तपासा.

आता काय दिसेल. गोल ताटलीसारखं, आतमध्ये दातेरी चक्र, आणि गरगर फिरत सरकतंय, तर ट्रायकोडिना. अगदी बारीक, ४०० पट केल्याशिवाय नीट दिसत नाही असं, लुकलुकल्यासारखं थरथरतंय, तर कॉस्टिया. बदामासारखा चपटा, कडेनं केस, संथ सरकतोय, तर किलोडोनेला. मोठा गोल, अंगभर केस, आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक आणि अंग हळूहळू लोळवत चाललाय, तर पांढऱ्या ठिपक्यांवाला इक. आणि लांबट किड्यासारखं, एका टोकाला आकड्यांनी धरून बाकीचं अंग ताणतंय आखडतंय, तर फ्लूक. फ्लूकमध्ये दोन मुख्य. डोक्याला चार काळे डोळे दिसले तर डॅक्टिलोगायरस, हा बहुतेक कल्ल्यांवर असतो आणि अंडी घालतो. डोळे नाहीत आणि पोटात दुसरे आकडे दिसतायत तर गायरोडॅक्टिलस, हा कातडीवर असतो, थेट पिल्लू जन्माला घालतो आणि त्या न जन्मलेल्या पिल्लाच्या पोटातही पुढचं पिल्लू तयार असतं. म्हणून तो इतक्या झपाट्यानं वाढतो.

शेवाळ
एवढं सगळं करेपर्यंत मासे मरतील हो. मिठानं निम्मे परजीवी जातात, मग मीठ टाकून बघायला काय हरकत?

कमळवेल
शेवाळ, मीठ चांगलंच आहे, मी पण वापरते. पण हरकत कुठे येते ते सांगते. ०.३ टक्के करायचं तर १००० लिटरला ३ किलो, म्हणजे दादांच्या तळ्याला ३६ किलो मीठ. एकदा घातलं की ते पाण्याबरोबरच बाहेर जातं, वाफ होऊन जात नाही, आणि कमळं आणि पाण्यातली बरीच झाडं त्यात मान टाकतात. त्यात कुणाच्या फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर आधी काढून ठेवावा लागतो, कारण मिठाच्या पाण्यात झिओलाइट साठवलेला सगळा अमोनिया परत सोडतो. माझ्याकडे हे झालंय. संध्याकाळी मीठ टाकलं, सकाळी अमोनियाची टेस्ट गडद हिरवी आणि सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून. तो दिवस आठवला की अजून धस्स होतं. आणि फ्लूक असतील तर ०.३ टक्के मिठानं त्यांचं फार काही बिघडत नाही.

तळ्याकाठी
मायक्रोस्कोप मिळाला, भाचीचा! काल संध्याकाळी पांढऱ्या कोईपासून सुरुवात केली. पहिल्या स्लाइडमध्ये नुसते बुडबुडे आणि एक वाळूचा कण, तो मी परजीवी समजून दहा मिनिटं बघत बसलो. दुसऱ्या वेळी थेंब कमी घेतला. आणि मग एकदम दिसलं. आधी एक गोल चकती, कडेनं गरगरत, मधलं दातांचं चक्र अगदी घड्याळातल्या चाकासारखं, एका जागी थांबतच नाही. तशा एका नजरेत आठ-नऊ. मग कोपऱ्यात काहीतरी लांबट ताणत होतं, स्लाइड सरकवली तर ते एका टोकाला घट्ट धरून बाकीचं अंग इकडून तिकडे झुलवत होतं, चाचपडल्यासारखं. डोळे नव्हते. पोटात मात्र आकड्यांची दुसरी जोडी स्पष्ट दिसली, खंड्या दादांनी लिहिलं होतं ना तशी. भाची म्हणाली मामा हे तर बाळ आहे आत. खरं सांगू, भीती आणि नवल दोन्ही एकाच वेळी वाटलं.

तीन मासे तपासले, तिन्हीवर ट्रायकोडिना, दोघांवर फ्लूक. आणि नवीन आणलेल्यांपैकी एकीच्या शेपटीच्या बुडाशी शर्टाच्या छोट्या बटणाएवढं चपटं हिरवट काहीतरी, खवलाच वाटला, पण बोट लावलं तर ते पळालं!

निळाखंड्या
ते आर्गुलस, माशाची ऊ. काचेसारखी पारदर्शक, दोन काळे डोळे, आणि पळते हीच खूण. सुईसारखी सोंड कातडीत खुपसून रस शोषते, त्या जखमेतून मग बॅक्टेरिया शिरतात, पोटाकडची लाली त्याचीच असू शकेल. चिमट्यानं काढा, मासा ओल्या फडक्यावर ठेवून, ऊ कडेनं धरायची आणि सरकवत उचलायची. जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा कापूस, कल्ल्यांना लागू न देता. काढलेली ऊ परत पाण्यात पडू देऊ नका, माशाशिवायही ती काही दिवस जगते.

म्हणजे तुमच्याकडे तीन पाहुणे आणि तिघांना तीन वेगळी औषधं, आता कळलं ना 'सगळ्यावर चालणाऱ्या' बाटलीनं का फरक पडला नाही.

रानवारा
मी ट्रायकोडिनासाठी फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) सुचवेन, १००० लिटरला २५ मिली, एकदम काम करतं.

निळाखंड्या
काम करतं यात वाद नाही, पण २६ अंश तापमानात, मासे आधीच धापा टाकतायत तेव्हा मी नाही देणार. फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं, दर ५ पीपीएम (म्हणजे दहा लाखात ५ भाग) फॉर्मलिनमागे साधारण १ पीपीएम ऑक्सिजन जातो. २५ पीपीएमचे ५ झाले. गरम पाण्यात मुळातच ८ च्या आसपास असतो. शिवाय बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ते फॉर्मलिन अजिबात वापरायचं नाही, तो पॅराफॉर्मल्डिहाइड, माशांना फारच विषारी.

रानवारा
हे पटलं. मी थंडीतच वापरलं होतं आणि दोन एअर पंप लावून, म्हणून निभावलं असेल.

कमळवेल
मग परमँगनेट, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे. दादा, नीट वाचा आणि घाई करू नका. २ पीपीएम म्हणजे १००० लिटरला २ ग्रॅम, तुमच्या १२ हजाराला २४ ग्रॅम. (१८ हजाराच्या हिशोबानं ३६ गेलं असतं.) ग्रॅमवर मोजणारा काटा घ्या, चमच्याचा अंदाज नको. हातमोजे, चष्मा. कोमट पाण्याच्या बादलीत पूर्ण विरघळवा, एकही खडा तळाशी राहता कामा नये, मासा तो खाणं समजून उचलतो किंवा कल्ल्यात अडकला तर भाजतो. फिल्टर बाजूला काढून त्याचं पाणी वेगळं फिरत ठेवा नाहीतर आतले चांगले बॅक्टेरिया मरतील, यूव्ही दिवा बंद, एअर पंप जोरात. सकाळी टाका, कारण दुपारनंतर शेवाळामुळे पीएच चढतो आणि चढ्या पीएचला परमँगनेट कल्ल्यांवर जास्त बसतं. आणि दिवसभर तळ्यापाशी थांबायचं, बाहेर जायचा दिवस हा नाही.

पांढऱ्या कपात पाणी घेऊन दर अर्ध्या तासानं रंग बघा. गुलाबी म्हणजे काम चालू, चहासारखं तपकिरी झालं की संपलं. निदान चार तास गुलाबी राहायला हवं, आठ-बारा राहिलं तर उत्तम. तळाशी गाळ, पानं असतील तर अर्ध्या तासात तपकिरी होईल, म्हणून आधी गाळ उपसून काढा. मासे आडवे पडू लागले, किंवा पृष्ठभागावर धापा टाकू लागले तर हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं टाकून परमँगनेटचा परिणाम लगेच तोडायचा, ते आधीच हाताशी आणून ठेवा. आणि आठवड्यातून एकदाच, त्याहून जास्त नाही.

निळाखंड्या
यात एक भर, आणि ही मी ठळक लिहितो: परमँगनेट आणि फॉर्मलिन कधीही एकत्र नाही, एका बादलीत तर नाहीच. पोल्ट्रीच्या शेडमध्ये धुरी देतात ती याच दोघांची, लगेच तापून विषारी वाफ सुटते.

फ्लूकसाठी परमँगनेटनंतर तीन-चार दिवस मासे सावरले की प्राझिक्वांटेल, हे कृमींवरचं औषध. २.५ पीपीएम धरा, तुम्हाला ३० ग्रॅम. पाण्यात लवकर विरघळत नाही, थोड्या पाण्यात भरपूर घुसळून मग तळ्यात पसरवायचं. माशांना बरंच सौम्य आहे, फिल्टर चालू ठेवता येतो, फक्त त्यातला कार्बन काढा. गायरोडॅक्टिलसला अंडी नाहीत म्हणून एका डोसमध्ये बरेच जातात, पण कल्ल्यात डॅक्टिलोगायरस असेल, जो कातडीच्या नमुन्यात दिसत नाही, तर त्याची अंडी या औषधाला दाद देत नाहीत. तुमच्या तापमानाला ती काही दिवसांतच फुटतात, म्हणून आठवड्यानं दुसरा डोस. पांढऱ्या ठिपक्यांचंही तसंच, ठिपका कातडीखाली असतो तोवर औषध पोचत नाही, खाली पडून फुटल्यावर जी पोहणारी पिल्लं निघतात तीच मरतात. २५ अंशाच्या आसपास ते चक्र चार-पाच दिवसांचं, १० अंशाला महिन्याच्या वर. म्हणून एक डोस टाकून 'झालं' म्हणता येत नाही.

बांधावरून
मी मध्येच विचारतो, माफ करा. माझं मोठं तळं आहे, कार्प वाढवतो, विकण्यासाठी. ह्या उवा माझ्याकडेही भयंकर झाल्यात, एकेका माशावर वीस वीस. कीटकनाशक टाका म्हणून सगळे सांगतात. टाकू का?

निळाखंड्या
दादा, पिकावर मारायचं कीटकनाशक तळ्यात अंदाजानं ओतू नका. उवा कवचधारी जीव आहेत, माशांचं नैसर्गिक खाणं असलेले पाण्यातले पाणपिसू वगैरेही तसलेच, ते सगळे आधी मरतात. डोस थोडा चुकला की मासे. आणि तुमचे मासे कुणीतरी खाणार आहे, म्हणजे औषधानंतर किती दिवस मासा काढायचा नाही हे मत्स्य-डॉक्टरकडून लिहून घेतल्याशिवाय काहीच नाही. मॅलाकाइट ग्रीन (परजीवींवर वापरतात तो हिरवा रंग) तर खायच्या माशांना कधीच नाही, कोणी कितीही स्वस्त आणि मस्त म्हणून सांगितलं तरी.

बिनऔषधाचा एक उपाय मात्र खरंच उपयोगी आहे. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि दगड, बांबू, फळी अशा टणक पृष्ठभागावर ओळीनं चिकट अंडी लावते. तर तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा लाकडी फळ्या टांगायच्या आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवायच्या, खरवडायच्या, परत टांगायच्या. अंडी फुटायला कोमट पाण्यातही दोन आठवडे किंवा जास्त लागतात, म्हणजे आठवड्याचा नेम पाळला तर ती फुटायच्या आधीच बाहेर. दाटी कमी करा. आणि मासे काढून झाले की तळं पूर्ण वाळवून चुना, तेव्हाच मुळापासून जातात.

बांधावरून
फळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच टांगतो. फार आभार.

तळ्याकाठी
दिवस पहिला लिहितोय. गाळ काल उपसला, तीन बादल्या निघाला. सकाळी सातला २४ ग्रॅम. पाणी असं जांभळं झालं की मासेच दिसेनात, छातीत धडधड, पांढरी कोई कुठेय तेच कळेना. कप घेऊन बसलो. पावणेदहाला अजून गुलाबी, साडेअकराला किंचित विटकरी, एकला चहा. सहा तास. मासे जरा बेचैन पण उभेच होते. रात्री पाणी थोडं बदललं.

तळ्याकाठी
दिवस पाचवा. आज स्लाइड बघितली, दोन माशांवर मिळून एक चकती दिसली, आधी एका नजरेत नऊ होत्या. फ्लूक मात्र तसेच. आज प्राझिक्वांटेल ३० ग्रॅम टाकलं. उवा एकूण चार काढल्या चिमट्यानं. दोन फळ्या मी पण टांगल्यात.

शेवाळ
मी पण काल पहिल्यांदा माझ्या माशाची स्लाइड केली. माझ्याकडेही फ्लूक निघाले. चार दिवसात 'सगळं थांबलं' म्हणालो होतो ते खरं नव्हतं, घासणं कमी झालं होतं इतकंच. कमळवेल ताई, तुमचं बरोबर होतं.

कमळवेल
शेवाळ, बघितलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या तळ्याचे लिटर मोजून टाका, मग हिशोब एकत्र करू.

तळ्याकाठी
दिवस एकोणिसावा. प्राझिक्वांटेलचा दुसरा डोस बाराव्या दिवशी झाला. आज चार मासे तपासले, कातडी आणि एका माशाच्या कल्ल्याच्या कडेचाही नमुना, तो खंड्या दादांनी व्यनितून सांगितला तसा अगदी जपून घेतला. चारही स्लाइड रिकाम्या. अमोनिया ०. पांढरी कोई आज पहिल्यांदा पाण्याच्या धारेखालून निघाली आणि बाकीच्यांबरोबर खायला वर आली, तोंड पूर्ण उघडून. भाची टाळ्या वाजवत होती.

एका फळीवर मात्र पिवळसर चिकट ठिपक्यांची दोन ओळीत पट्टी सापडली. उन्हात टाकलीये. म्हणजे एखादी ऊ अजून आहे ना?

निळाखंड्या
आहे. मासे परत एकेक करून बघा, परांच्या बुडाशी आणि कल्ल्याच्या झाकणाखाली खास. आणि पिल्लं दिसू लागली तर डायफ्लुबेन्झुरॉन, ते कात टाकण्याच्या वेळी मारतं, आणि मोठ्या उवा दिसतील त्या हातानंच काढायच्या. ते टाकलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही.

कमळवेल
आणि फळ्या निदान दोन महिने राहू द्या, दादा. नवीन मासा आणाल तेव्हा वेगळ्या टबात चार आठवडे, वेगळं जाळं, आणि सोडायच्या आधी त्याची स्लाइड.

तळ्याकाठी
टब आणला. जाळ्याच्या दांडीला लाल दोरी बांधली, म्हणजे तळ्यात चुकून जायला नको. दुसरी फळी आत्ताच बघितली, कोरी आहे. पुढच्या रविवारी परत काढतो आणि इथे लिहितो.